मेडिकल स्कूलचं पर्सनल स्टेटमेंट: आजी ठेवावी की काढावी?

ओसरी

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतेय. इथे अमेरिकेत, इंग्लंडात डॉक्टर असलेले किंवा मुलं मेडिकलला असलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

लेक यंदा मेडिकल स्कूलला अर्ज करतेय. (आम्ही न्यू जर्सीत. तिचं कॉलेज संपलंय, सध्या गॅप इयर.) एमकॅट (मेडिकलची प्रवेशपरीक्षा) झाली, स्कोअर बरा आहे, शिफारसपत्रं मागून झाली. घोडं अडलंय ते पर्सनल स्टेटमेंटवर. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते: इथे एमडीच्या (इकडे डॉक्टरकीची पहिलीच पदवी ही) बहुतेक कॉलेजांना मिळून एकच अर्ज भरतात, अ‍ॅमकासचा. त्यात प्रश्न एवढाच, की तुम्हाला मेडिकल स्कूलला का जायचंय? उत्तराला जागा ५३०० कॅरेक्टर्स, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. म्हणजे साधारण दीड पान.

पहिल्या खर्ड्याची सुरुवात माझ्या आईपासून होती. नाशिकला तिला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा लेक आठ वर्षांची. आम्ही मिळेल त्या विमानाने गेलो, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर रात्र काढली, वगैरे. वाचताना मला रडू आवरेना. आता कन्यारत्न म्हणतं, हे सगळं काढणार. का? तर कॉलेजच्या प्रीमेड (म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या) सल्लागार बाई म्हणाल्या, ही गोष्ट तुझी नाही, तुझ्या आईची आहे. त्याऐवजी ती लिहितेय आमच्या गावच्या व्हॉलंटिअर अ‍ॅम्ब्युलन्स स्क्वाडबद्दल. तिथे ती ईएमटी आहे, म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सवर प्राथमिक उपचार करणारी. प्रसंग काय, तर एक म्हातारबाई घरात पडल्या, यांनी उचलून खुर्चीत बसवलं. मला हे फारच किरकोळ वाटतंय. यात डॉक्टर होण्याचं काय आलं?

घरात दोन दिवस अबोला आहे. नवरा नेहमीप्रमाणे तटस्थ राष्ट्र. तुम्हीच सांगा, आजी ठेवावी की काढावी?

(तिचा निबंध इथे टाकत नाहीये, तिची परवानगी नाही.)

---

पारनेरकर_काका

मला हा प्रकारच समजत नाही. डॉक्टर व्हायला निबंध कशाला? आमच्याकडे नीटला १८० प्रश्न, ७२० मार्क. जेवढे पडले तेवढे पडले. आजी आजारी होती की ठणठणीत, कोणी विचारत नाही. माझा नातू दोन वर्षं लातूरला राहून तयारी करतोय. त्याला 'तुला डॉक्टर का व्हायचंय' असं विचारलं तर तो म्हणेल, आजोबा, आत्ता फिजिक्स चालू आहे, नंतर बोलू.

---

झेलम_एक्सप्रेस

काका, तुमचा नातू आवडला.

पण आपल्याकडे असं काही कधी नव्हतंच असं नाही. मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची. नीट सगळीकडे लागू होण्याआधी आमच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा वेगळी असायची, आणि तिच्यात फिजिक्स-केमिस्ट्री-बायोच्या जोडीला गांधीविचारांचा पेपर असायचा. प्रवेश मिळाला की आधी आश्रमात शिबिर, मग खादी, मग एक गाव दत्तक. त्या पेपरसाठीही लोक गाईड पाठ करून यायचेच, हे कबूल. तरी निदान एकदा तरी 'खेड्यात डॉक्टर का जात नाहीत' यावर विचार करून चार ओळी लिहाव्या लागायच्या. आता तेही गेलं.

ओसरी, मूळ प्रश्नावर माझं मत नाही. जाणकार येतीलच.

---

रेडीमिक्स

चॅटजीपीटीला द्या ना. दोन मिनिटांत आजी पण राहील आणि अ‍ॅम्ब्युलन्स पण.

---

कढीपत्ता

@रेडीमिक्स, अहो, थांबा जरा.

मी इंग्लंडात, मिडलंड्समध्ये. दोन्ही मुलं मेडिकलला गेली, त्यामुळे इथलं सांगू शकते. आमच्याकडे युकॅसचा अर्ज, सगळ्या विद्यापीठांना मिळून एकच. मेडिसिनची मुदत १५ ऑक्टोबर, इतर विषयांच्या कितीतरी आधी, आणि पाचपैकी चारच जागा मेडिसिनला वापरता येतात. स्टेटमेंट ४००० कॅरेक्टर्स. पूर्वी तो एकसलग निबंध होता. २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांत तोडलाय: हा विषय का, तुमच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर काय केलंत. प्रत्येक उत्तराला किमान ३५० कॅरेक्टर्स. म्हणजे आता कोणाला तीन परिच्छेद आजोबांवर घालवायची सोयच उरली नाही.

आजोबांवरून आठवलं. ओसरी, हे तुझ्यासाठी. २००७ मध्ये युकॅसने अर्जांतली स्टेटमेंट्स एकमेकांशी ताडून पाहिली होती. त्यात २३४ मुलांनी लिहिलं होतं की आठव्या वर्षी केमिस्ट्रीचा प्रयोग करताना पायजम्याला भोक पडलं आणि तिथून विज्ञानाची गोडी लागली. एकच पायजमा, २३४ मुलं! नेटवरच्या एका नमुन्यातून सगळ्यांनी उचललेला. आणि १७५ स्टेटमेंट्समध्ये वृद्ध किंवा आजारी आजोबा होते. तेव्हापासून प्रत्येक स्टेटमेंट तिथे संगणकावर आधीच्या साठ्याशी ताडलं जातं. म्हणून निबंध इथे चिकटवला नाहीस ते उत्तम केलंस. उद्या कोणीतरी उचलायचा आणि निस्तरायचं तुझ्या लेकीने.

तुझी आजी खरी आहे, तुम्ही विमानाने गेलात ते खरं आहे, यात शंकाच नाही. पण वाचणारा त्या १७५ नंतर १७६ वी वाचतोय.

---

ओसरी

बाई गं. पायजम्याचं वाचून लेक पहिल्यांदा हसली. अबोला सुटला, धन्यवाद.

---

डॉ_खादाड

ओहायोत इंटर्नल मेडिसिन करतो. एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर काही वर्षं अर्ज वाचतोय. कुठल्या ते विचारू नका. रात्री जेवणानंतर, पोरं झोपली की वाचायला बसतो, तेव्हा माझा मूड आमटी कशी झाली होती त्यावरही असतो. हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

दरवर्षी एमडीला ५० हजारांवर अर्जदार असतात आणि जागा साधारण २३ हजार. एका कॉलेजकडे काही हजार अर्ज येतात. स्टेटमेंट वाचून कोणी कोणाला प्रवेश देत नाही. ग्रेड्स, एमकॅट, अनुभव हे आधी. स्टेटमेंटचं काम दोन: या माणसाला मुलाखतीला बोलवावंसं वाटावं, आणि मुलाखतीत विचारायला काहीतरी मिळावं.

आजीबद्दल. आजी हा विषय वर्ज्य नाही. मी वाचलेल्या चांगल्या निबंधांतला एक आजोबांवरच होता. त्या मुलाच्या आजोबांचं घरीच पोटातून डायलिसिस चालायचं आणि हायस्कूलची चारही वर्षं रोज रात्री पिशव्या जोडायचं काम त्याच्याकडे होतं. हात कसे धुवायचे, निचऱ्याचं पाणी गढूळ दिसलं तर कोणाला फोन करायचा, आजोबा मीठ चोरून खायचे तेव्हा रागवायचं की नाही. (तपशील थोडे बदललेत.) तिथे तो काम करत होता. ओसरींच्या लेकीने आठव्या वर्षी काय केलं? बाकड्यावर बसली. आठ वर्षांच्या मुलीने तेच करायचं असतं, तिचा दोष नाही. पण त्यातून मला एवढंच कळतं की तिला आजी आवडायची.

शिवाय आयसीयूतल्या मॉनिटरच्या 'बीप बीप'ने सुरू होणारे निबंध. तुमच्या लेकीचा तसा आहे का माहीत नाही...

---

ओसरी

आहे. 😐

---

डॉ_खादाड

:) असू दे. आता त्या 'किरकोळ' प्रसंगाकडे या. तिला एवढंच विचारा: त्या घरात शिरल्यावर तुला काय काय दिसलं? काय वाटलं ते नाही, काय दिसलं. आणि तिचं उत्तर मध्येच तोडू नका.

---

पारनेरकर_काका

डॉक्टरसाहेब, माझा मुद्दा राहिलाच. हा निबंध म्हणजे पैसेवाल्यांची सोय नाही का? तिकडे म्हणे निबंधाचे कन्सल्टंट असतात, हजारो डॉलर घेतात. ज्याच्या बापाकडे पैसा त्याचा निबंध झकास. नीटमध्ये लाख दोष असतील, पण शेतमजुराचं पोरगंही तोच पेपर सोडवतं.

---

दुसरी_फेरी

काकांचा मुद्दा रास्त आहे. फक्त नीटच्या क्लासेसची फी पण बघा एकदा.

मी स्वतः या भानगडीतून गेलेय. आता सेकंड इयर मेडिकल स्टुडंट, टेक्सासमध्ये. (इथल्या स्टेट स्कूल्सचा अर्ज वेगळा, टीएमडीसॅस, आणि मर्यादा ५०००. अ‍ॅमकासचा निबंध तसाच डकवायला गेलात तर शेवटच्या ओळी कापल्या जातात.) माझ्या पहिल्या सायकलला (अर्जांच्या फेरीला) एकही मुलाखत आली नव्हती. बाकी कारणं होतीच, पण त्या वेळचं स्टेटमेंट आता वाचलं की मला त्यात मी सापडतच नाही. आई-बाबांचे कष्ट, दोन बॅगा घेऊन अमेरिकेत येणं, त्याग, त्याग, त्याग. मुंबईत बाबा कसे लोकलला लटकून कॉलेजला जायचे ते सुद्धा होतं. 'मग तू कोण?' याचं उत्तर शेवटच्या चार ओळींत.

ओसरीताई, तुमचा राग येऊ नये म्हणून आधीच सॉरी म्हणते. आपल्या घरांतून हा निबंध बरेचदा आई-वडिलांचे आभार मानायचा कार्यक्रम होतो. आणि मुलांना ते काढून टाकायला भीती वाटते, कारण घरी सगळ्यांनी वाचलेलं असतं.

कन्सल्टंटचं म्हणाल तर मी लावला नाही. दुसऱ्या वेळी मी हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची काळजी घेतात तिथे) व्हॉलंटिअर करत होते, तिथल्या नर्स कोऑर्डिनेटरला वाचायला दिलं. तिने एकच प्रश्न विचारला: "हे सगळं वाचून मला वाटतंय तू उत्तम नर्स होशील. डॉक्टर का?" बोंबला. पण खरा प्रश्न तोच होता. लोकांना मदत करायचीये हे नर्सलाही लागू, सोशल वर्करलाही, शिक्षकालाही. सायन्स आवडतं हे लॅबमधल्या माणसालाही. या दोन्हींमधून डॉक्टरच का निघतो, ते दाखवावं लागतं.

---

झेलम_एक्सप्रेस

यावरून एक सांगू का? आनंदीबाई जोशींनी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या प्रवेशासाठी जे पत्र लिहिलं...

---

रेडीमिक्स

आल्या! प्रत्येक धाग्यावर आनंदीबाई आल्याच पाहिजेत.

---

झेलम_एक्सप्रेस

येणारच, कारण हा धागा त्यांचाच आहे. अठरा वर्षांची मुलगी इंग्रजीत लिहितेय की मित्रमंडळी आणि जात दोन्हींचा विरोध पत्करून इथवर आले तो निश्चयच मला पुढे नेईल. आणि कशासाठी? तर माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यायला. पत्र अजून ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. वर दुसरी_फेरीने विचारलेल्या 'डॉक्टरच का'चं उत्तर एका वाक्यात आहे की नाही बघा. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं त्यांचं. तरी त्या वाक्यात स्वतःचं दुःख नाही, गरज आहे: कोणाची, आणि आहेत ते डॉक्टर का पुरत नाहीत.

---

डॉ_खादाड

झेलमताई, मान्य. मी हे पुढच्या वर्षीच्या मुलांना सांगणार. फक्त आता शंभर मुलं आनंदीबाईंपासून निबंध सुरू करणार नाहीत एवढं बघा. तोही एक पायजमाच होईल.

---

ओसरी

विचारलं. तोडलं नाही. (एकदा तोडलं, पण लगेच गप्प बसले.) तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

कॉल आला होता 'लिफ्ट असिस्ट' म्हणून. म्हणजे कोणी पडलंय, लागलेलं नाही, फक्त उचलायचंय. स्क्वाडवाल्यांच्या लेखी हा सगळ्यात कंटाळवाणा कॉल. बाई म्हणत होत्या मला दवाखान्यात जायचं नाही, कागद द्या, सही करते. क्रू चीफ तो नकाराचा फॉर्म काढत होते. लेकीने नाडी मोजली तर ४४. घाबरलेल्या माणसाची वाढायला हवी ना, ती कमी. मग ती औषधांची यादी लिहून घ्यायला ओट्याकडे गेली. खिडकीत बाटल्या ओळीने लावलेल्या. एका बाटलीवर लोप्रेसर, दुसऱ्या फार्मसीच्या बाटलीवर मेटोप्रोलोल. एकच औषध, एक ब्रँडच्या नावाने, एक जेनेरिक! बाई दोन्ही घेत होत्या, दिवसातून दोनदा, अगदी न चुकता, कारण दोन्हींवर तसंच लिहिलं होतं.

तिने क्रू चीफना दोन्ही बाटल्या दाखवल्या. त्यांनी पॅरामेडिक मागवले, बाईंची समजूत काढली, गेल्या त्या हॉस्पिटलला.

हे तिने पहिल्या खर्ड्यात लिहिलंच नव्हतं! लिहिलं होतं काय, तर "मी तिचा हात धरला आणि तिच्या डोळ्यांत मला माझी आजी दिसली."

मी म्हटलं, अगं हे का नाही लिहिलंस? तर म्हणे, मी काय केलं त्यात, मी फक्त बाटल्या वाचल्या.

---

डॉ_खादाड

'फक्त बाटल्या वाचल्या.' अहो, माझी अर्धी प्रॅक्टिस तीच आहे.

आता नीट सांगतो, कारण इथे खरा माल आहे.

पहिलं, हा प्रसंग सांगताना आजी डोळ्यांत दिसायची गरज नाही. ४४ नाडी पुरते. वाचणारा डॉक्टर असेल तर बाटल्यांवरची दोन नावं वाचताक्षणी खुर्चीत सरसावून बसेल. त्याला समजावून सांगू नका की हे महत्त्वाचं होतं.

दुसरं, प्रसंग जिथे तिला संपलासा वाटतो तिथून पुढे निबंध सुरू होतो. ईएमटी म्हणून तिला ते औषध बंद करता येत नव्हतं. कोणतं थांबवायचं, किती कमी करायचं, मुळात ते कशासाठी सुरू केलं होतं, रक्तदाबासाठी की हृदयाच्या ठोक्यांसाठी, अचानक थांबवलं तर काय होईल, हे तिला माहीत नव्हतं. हे ठरवणारा माणूस दुसरा होता. तिला तो माणूस व्हायचंय का? व्हायचं असेल तर 'डॉक्टरच का'चं उत्तर हेच. त्यानंतर तिने काय केलं तेही हवं. कोणाला विचारलं, काही वाचलं, एखाद्या डॉक्टरबरोबर शॅडोइंग करताना (नुसतं सोबत राहून काम बघताना) असं पुन्हा दिसलं का? एका संध्याकाळवर अख्खा निबंध उभा करू नये. दुसरा एखादा अनुभव हवा, शक्यतो वेगळ्या जातीचा, ज्यात तीच जिज्ञासा पुढे गेलेली दिसेल.

तिसरं, दोन फार्मसींकडून दोन बाटल्या आल्या म्हणजे बहुधा दोन डॉक्टर, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. इथे तिला यंत्रणेवर भाषण ठोकायचा मोह होईल. एक वाक्य चालेल. परिच्छेद नको. एकवीस-बावीसच्या वयात अमेरिकन आरोग्यव्यवस्था दुरुस्त करायला निघालेले अर्जदार आम्ही रोज वाचतो.

चौथं, पेशंटची ओळख. वय, गाव, घराचं वर्णन, नातेवाईक, सगळं पुसट करायचं. गुप्ततेचा कायदा तर आहेच, पण वाचणारेही बघतात की हिला याची जाण आहे का.

आणि क्रू चीफला खलनायक करू नका. तो फॉर्म काढत होता म्हणजे निष्काळजी होता असं नाही. त्याच्यापेक्षा आपण हुशार ठरलो असा सूर एका विशेषणानेही लागतो, आणि मग मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

---

नागपुरी_खर्रा

मस्त धागा. थोडं अवांतर: माझी पुतणी नागपूरला एमबीबीएस संपवून तिकडे रेसिडेन्सीला (पदवीनंतरच्या प्रशिक्षणाला) अर्ज करतेय. तिलाही पर्सनल स्टेटमेंट लागतं म्हणे. हेच नियम का? आणि तिने थर्ड इयरला असताना मामाच्या हॉस्पिटलात बरंच काही केलंय, ते टाकावं का?

---

डॉ_खादाड

रेसिडेन्सीचा अर्ज इरासवर, तिथली मर्यादा २८,००० कॅरेक्टर्स आहे. त्या आकड्याला भुलू नका, एक पानच लिहायचं. प्रश्नही बदलतो: डॉक्टर का नाही, तर हीच शाखा का आणि तिथे तुम्ही कसे काम कराल. तुमची पुतणी तर वैद्यकीय विद्यार्थिनीच होती, देखरेखीखाली केलेलं काम ती लिहू शकते. कोणाच्या देखरेखीखाली ते मात्र स्पष्ट हवं.

पण 'मामाचं हॉस्पिटल' म्हटलंत म्हणून इथल्या प्रीमेड मुलांच्या पालकांना मुद्दाम सांगतो. उन्हाळ्यात पोराला पुण्याला, सांगलीला, कोल्हापूरला काकाच्या नर्सिंग होममध्ये पाठवायचं ही आपली आवडती योजना. ओटीत उभं राहू देतात, एखादा हौशी मामा हातात सुई पण देतो. आणि पोरगं अभिमानाने लिहितं, मी टाके घातले, मी डिलिव्हरीत मदत केली. इथे वाचणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. ज्याचं प्रशिक्षण नाही, परवाना नाही, ते पेशंटवर करायचं नाही. देश बदलला म्हणून पेशंट बदलत नाही. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने परदेशातल्या अशा अनुभवांबद्दल विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्यात. बघितलं ते लिहा. ओपीडीत मामा एका पेशंटला किती मिनिटं देतो, फी कोणाकडून घेत नाही, बाहेर बाकावर किती नातेवाईक बसतात आणि त्यातला निर्णय कोण घेतो. हे इथल्या मुलांकडे नसतं, तुमच्या मुलांकडे फुकट असतं, आणि ते सोडून टाके लिहितात!

---

कढीपत्ता

+१००. इथे तर केअर होममध्ये आठवड्याला एक दुपार चहा देणाऱ्या पोरांना मुलाखतीत जास्त बोलता येतं, बायपास बघून आलेल्यांपेक्षा. माझा मुलगा स्मृतिभ्रंश झालेल्या एका आजोबांना रोज तेच तेच उत्तर कसं द्यायचा, यावर त्याला बराच वेळ प्रश्न विचारले होते.

---

रेडीमिक्स

बरं, माझा एआयचा प्रश्न मी गमतीत टाकला होता, पण खरंच विचारतो. वापरलं तर पकडतात का?

---

दुसरी_फेरी

अ‍ॅमकासच्या अर्जात शेवटी प्रतिज्ञा करावी लागते की लिखाण माझं स्वतःचं आहे. सुचायला, चुका काढायला, तपासायला एआय वापरलं तर चालतं, पण अंतिम मजकूर तुमचा आणि तुमच्याच अनुभवाचा हवा, असं त्यांचं म्हणणं.

पकडतात का ते सोडा. त्या म्हातारबाईंच्या खिडकीत दोन बाटल्या होत्या हे चॅटजीपीटीला कुठून माहीत असणार? त्याला दिलं असतं तर त्याने हातात हात आणि डोळ्यांत आजीच लिहिली असती. ओसरीताईंच्या लेकीने बिचारीने ते स्वतःच लिहिलं, ही गोष्ट वेगळी. :D

---

ओसरी

ती वाचतेय बरं का हा धागा. तोंड वाकडं केलंय, पण वाचतेय.

एक विचारायचं राहिलं. तिच्याकडे संशोधनाचं काम आहे, गुजराती शेजारणींच्या मुलांना गणित शिकवणं आहे, ढोल-ताशा पथक आहे. हे सगळं कुठे बसवायचं? ५३०० मध्ये तर बाटल्याच मावत नाहीयेत.

---

दुसरी_फेरी

ते स्टेटमेंटमध्ये नाहीच घालायचं! त्याला वेगळी जागा आहे. 'वर्क अँड अ‍ॅक्टिव्हिटीज'मध्ये १५ पर्यंत नोंदी, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर्स. त्यातल्या तीन 'सर्वात अर्थपूर्ण' म्हणून निवडता येतात, त्यांना आणखी १३२५ मिळतात. तिथे स्क्वाडची नोंद करताना बाटल्यांची गोष्ट पुन्हा सांगू नकोस म्हणावं, दुसरं काहीतरी लिही. ढोल-ताशा बिनधास्त टाका. पथकात सराव किती कडक असतो ते इथे कोणाला माहीत नसतं. माझ्या एका मुलाखतीत दहा मिनिटं लेझीमवर गेली होती.

लांबीचं म्हणाल तर शेवटचा परिच्छेद आधी कापा. बहुतेकांचा शेवट म्हणजे वरचंच पुन्हा, मोठ्या आवाजात. मी तो उडवला आणि पाचशे कॅरेक्टर्स सुटली. मग 'आय रिअलाइज्ड दॅट' शोधून शोधून काढलं. दर परिच्छेदात मला कसला ना कसला साक्षात्कार होत होता.

आणि साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून मगच अर्जात डकवा. वर्डमधून थेट टाकलं की अवतरणचिन्हं कधी कधी विचित्र होतात. सबमिट केल्यावर निबंधात काही म्हणजे काही बदलता येत नाही, स्वल्पविराम सुद्धा.

---

पारनेरकर_काका

मी विरोधातच आहे, पण त्या मुलीने बाटल्या वाचल्या हे मला आवडलं. आमच्या सौंच्याही औषधांच्या दोन चिठ्ठ्या आहेत, एक हृदयाच्या डॉक्टरांची, एक साखरेच्या. आज दोन्ही घेऊन बसलो. नावं वेगळी आहेत पण खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंगातून वाचतोय.

---

डॉ_खादाड

काका, भिंग ठेवा आणि दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा. स्वतः काही बंद करू नका. हृदयाची औषधं तर अजिबात नाही.

---

ओसरी

अपडेट देते, नाहीतर धागाकर्ती गायब झाली म्हणाल.

मेच्या शेवटी अर्ज सबमिट केला, आता पडताळणीच्या रांगेत आहे. जूनच्या अखेरीस कॉलेजांना जातो म्हणे, आणि लवकर पाठवलेला बरा कारण मुलाखती येईल तशा भरत जातात. अंतिम निबंध तिने मला दाखवला नाही. स्क्वाडच्या क्रू चीफना आणि तिच्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापिकेला दाखवला. क्रू चीफ म्हणाले, नाडी ४४ नव्हती, ४६ होती, माझ्याकडे रिपोर्टवर आहे. तिने दुरुस्त केलं.

आजी आहे की नाही ते विचारलं नाही. नवरा म्हणतो अर्ध्या वाक्यात आहे. त्याला दाखवला होता! तटस्थ राष्ट्राचे हे फायदे.

आता पुढचं संकट. प्रत्येक कॉलेजचे सेकंडरी निबंध सुरू होणार. गेल्या वर्षीचे प्रश्न मुलं आधीच शोधून ठेवतात, तशी ही बसलीये. त्यात "आमच्याच कॉलेजला का?" हा प्रश्न बहुतेक सगळ्यांचा, आणि हिने भरपूर कॉलेजं निवडलीत. @डॉ_खादाड, @दुसरी_फेरी, त्यासाठी वेगळा धागा काढते, तिकडे या. @रेडीमिक्स, तुम्ही नाही आलात तरी चालेल.

---

रेडीमिक्स

येणार. माझी पोरगी अकरावीत आहे. बारावीनंतर थेट बीएस-एमडीला (कॉलेज आणि मेडिकल जोडूनच) अर्ज करायचा म्हणतेय, त्यांनाही 'डॉक्टर का' हा निबंध असतोच ना?

---

दुसरी_फेरी

असतो. ब्राऊनचा आठ वर्षांचा पीएलएमई घ्या किंवा तुमच्या न्यू जर्सीतले सात वर्षांचे जोडप्रोग्रॅम घ्या, बारावीच्या मुलीला हे सतराव्या वर्षी सांगावं लागतं, शिवाय कॉलेजचा नेहमीचा ६५० शब्दांचा निबंध वेगळा. तिला आत्तापासून कुठेतरी कामाला लावा. गावातल्या स्क्वाडला कॅडेट घेतात का विचारा, नाहीतर नर्सिंग होममध्ये शनिवारी जाऊ दे. लिहायचं पुढच्या उन्हाळ्यात बघू.

---

रेडीमिक्स

स्क्वाडला फोन केला. सोळा वर्षं पूर्ण लागतात म्हणाले, आणि पालकांची सही. शनिवारी फॉर्म आणायला जातोय.